सर्दी ओसरल्यावर चोंदलेले नाक

सर्दी येते, चार-सहा दिवस बेजार करते आणि ओसरते. शिंका थांबतात, घशातील खवखव नाहीशी होते, अंगातील कणकण जाते आणि मनुष्य पुन्हा कामाला लागतो. परंतु पुष्कळांच्या बाबतीत एक तक्रार मागे उरते. रात्री अंथरुणावर पडले की एक नाकपुडी गच्च होते. कूस बदलावी तर दुसरी. तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो आणि वारंवार झोपमोड होते. मग घरातील वडीलधारी माणसे एक उपाय सांगतात, शेजारी दुसरा सांगतात आणि औषधाच्या दुकानात लहानशा बाटलीतून तिसराच मिळतो. ह्यांपैकी कोणता उपाय उपयोगी, कोणता केवळ निरुपद्रवी आणि कोणता मूळ दुखण्याहून अधिक त्रासदायक, हे ठरवावयाचे असेल तर नाक बंद होते म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

एक सोपा प्रयोग

थंड पाण्याने धुऊन कोरडी पुसलेली स्टीलची ताटली नाकाखाली, वरच्या ओठाला टेकवून, आडवी धरावी. तोंड मिटून नाकावाटे सावकाश श्वास सोडावा. ताटलीवर वाफेचे दोन डाग उमटतील. नाक पूर्णपणे निरोगी असले तरी हे दोन डाग बहुधा सारखे नसतात. एक मोठा असतो व एक लहान. काही तासांनी हाच प्रयोग पुन्हा केल्यास अनेकदा मोठा डाग दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो.

ह्याचा अर्थ असा की, आपण दोन्ही नाकपुड्यांनी सदैव सारखाच श्वास घेत नाही. बहुसंख्य माणसांत एक नाकपुडी काही तास अधिक मोकळी असते व दुसरी काहीशी आखडलेली असते. नंतर त्यांची अदलाबदल होते. आधुनिक वैद्यकात ह्या नासाचक्राचे वर्णन १८९५ मध्ये कायझर ह्या जर्मन वैद्याने केले. भारतात मात्र श्वासाचा हा पालट फार पूर्वीपासून परिचित होता. स्वरशास्त्राच्या परंपरेत डाव्या नाकपुडीच्या श्वासाला चंद्रस्वर व उजवीच्या श्वासाला सूर्यस्वर म्हणत. त्यांवरून वर्तविली जाणारी शुभाशुभ फले बाजूला ठेवली, तरी मूळ निरीक्षण अचूक होते, हे मान्य करावे लागते. योगी काखेखाली जो योगदंड घेत, त्याचाही ह्या गोष्टीशी संबंध आहे. काखेवर दाब पडला की त्या बाजूची नाकपुडी आखडते व विरुद्ध बाजूची मोकळी होते. कुशीवर निजल्यावरही असेच घडते: खालची बाजू चोंदते, वरची उघडते.

आता प्रश्न असा की, कूस बदलताच काही मिनिटांत नाकपुडी कशामुळे बंद होते? तेवढ्या वेळात श्लेष्मा इकडून तिकडे जात नाही. नाक बंद होण्याचे कारण प्रामुख्याने दुसरेच आहे.

नाकाच्या भिंती

नाकाच्या मधोमध एक उभा पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, एकीखाली एक, शिंपल्यासारख्या वळलेल्या तीन-तीन घड्या असतात. त्यांना शुक्तिका म्हणतात. ह्या घड्यांवर श्लेष्मकलेचे, म्हणजे सदैव ओलसर राहणाऱ्या मऊ अस्तराचे, आवरण असते. विशेषतः सर्वांत खालच्या शुक्तिकेच्या अस्तरात रक्त साठविणाऱ्या असंख्य लहान पोकळ्या असतात. त्या रक्ताने भरल्या की अस्तर फुगते आणि हवेची वाट अरुंद होते; त्या रिकाम्या झाल्या की अस्तर आकसते आणि वाट रुंद होते.

ही योजना निरर्थक नाही. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती हवा फुप्फुसांत पोहोचण्यापूर्वी उबदार, ओलसर आणि धूळविरहित करणे हे नाकाचे काम होय. उष्ण रक्ताने भरलेले अस्तर हवेला ऊब देते, त्यावरील श्लेष्मा तिला ओलावा देतो व धूलिकण धरून ठेवतो. अस्तराच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केसल असतात. ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा हेलकावतात आणि श्लेष्म्याचा थर हळूहळू घशाकडे ढकलतात. तेथून तो आपण नकळत गिळतो. अशा रीतीने नाक स्वतःला अखंड झाडून काढीत असते.

रक्ताच्या ह्या पोकळ्यांवर मज्जातंतूंचा ताबा असतो. त्यामुळेच जलद चालल्यावर किंवा जिने चढल्यावर चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे होते आणि आडवे होताच पुन्हा भरून येते.

सर्दीत काय घडते

सर्दी हा विषाणूंमुळे होणारा विकार आहे. तिला कारण होणाऱ्या विषाणूंत रायनोव्हायरस हा गट प्रमुख असून त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आढळले आहेत. विषाणू अस्तराच्या पेशींत शिरले की शरीर त्यांच्याविरुद्ध कार्य सुरू करते. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि अस्तराला सूज येते. श्लेष्माही अधिक स्रवतो. सर्दीच्या पहिल्या दिवसांत वाहणारे पाणी हा ह्या स्रावाचा परिणाम होय. परंतु नंतर रेंगाळणारी गच्चपणाची भावना मुख्यतः सुजेची असते. म्हणून अशा वेळी कितीही जोराने नाक शिंकरले तरी काही बाहेर येत नाही. उलट त्या जोराने श्लेष्मा मागे रेटला जाऊन चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, शिरू शकतो व कानांवरही दाब येतो. नाक शिंकरावयाचेच तर एक बाजू बोटाने मिटून, दुसरीतून, हलकेच शिंकरावे.

ही सूज लगेच का ओसरत नाही? विषाणूंचा जोर कमी झाला तरी केसलांचे कार्य विस्कळीत झालेले असते. ज्या पेशींवर ते असतात त्यांपैकी काहींची हानी होते आणि नव्या पेशी तयार होऊन केसल पुन्हा एका लयीत हलू लागण्यास काही आठवडे लागू शकतात. तोवर श्लेष्मा साचतो व दाट होतो. बहुतेकांची सर्दी सात ते दहा दिवसांत बरी होते. पुष्कळांत मात्र नाकाचा जडपणा दोन आठवडे किंवा त्याहूनही थोडा अधिक काळ टिकतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील वैद्यांनी नुकत्याच सुरू झालेल्या साध्या सर्दीच्या ३१ रुग्णांच्या सायनसची संगणकीय क्ष-किरण तपासणी केली. त्यांपैकी २७ जणांच्या गालांच्या हाडांतील पोकळ्यांत दोष आढळला. दोन-तीन आठवड्यांनी त्यांतील १४ जणांना पुन्हा तपासले असता, कोणतेही प्रतिजैविक औषध न देता ११ जणांतील दोष नाहीसा झालेला किंवा पुष्कळ कमी झालेला दिसला. ह्यावरून हे ध्यानात येईल की, सर्दीत सायनस बिघडणे ही सर्वसाधारण बाब आहे आणि बहुतांशी ती आपोआप सुधारते.

श्लेष्म्याच्या रंगाविषयीही एक गैरसमज रूढ आहे. तो पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जीवाणूंचा संसर्ग झाला व प्रतिजैविक औषध घेतलेच पाहिजे, असे मानले जाते. वस्तुतः हा रंग विषाणूंशी लढण्यास आलेल्या श्वेत पेशींमधील एका विकरामुळे येतो. साध्या सर्दीतही तो दिसतो. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत; त्यांच्या अकारण सेवनाने जीवाणू मात्र त्या औषधांना दाद देईनासे होतात.

मिठाचे पाणी

रेंगाळलेल्या चोंदणीवर घरी करण्याजोगा सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे. ह्याने दाट श्लेष्मा सैल होऊन निघून जातो, कोरड्या खपल्या भिजतात आणि केसलांचे काम सुकर होते. हठयोगात नेती ही षट्कर्मांपैकी एक मानली आहे. जुन्या ग्रंथांत ती सुताने करण्यास सांगितली असली, तरी पाण्याने केली जाणारी जलनेती आज अधिक प्रचारात आहे.

अर्धा लिटर पाण्यास चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, स्वच्छ मीठ पुरते. ह्या प्रमाणात पाण्याचा खारटपणा शरीरातील द्रवांच्या जवळपास येतो, म्हणून नाकात झोंबत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास पाणी अधिक सौम्य होते. तोंड उघडे ठेवून, तोंडानेच श्वास घेत, डोके पुढे व एका बाजूला झुकवावे आणि वरच्या नाकपुडीत पाणी हलकेच सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडते. मग बाजू बदलावी. दिवसातून एक-दोन वेळा असे करणे पुरेसे होय. कान दुखत असल्यास किंवा नाक पूर्णपणे बंद असल्यास बळजबरी करू नये.

एका बाबतीत मात्र यत्किंचितही हयगय करू नये. हे पाणी किमान एक मिनिटभर खळखळ उकळून, मग निववून घेतलेले असावे. नळाचे, विहिरीचे किंवा तळ्याचे कच्चे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी नाकात घालू नये. अशा पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा एक अमिबा असतो. तो पोटात गेल्यास अपाय करीत नाही. पण नाकात शिरला तर गंधाच्या मज्जातंतूंवाटे मेंदूत पोहोचून बहुधा प्राणघातक ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळात २०२४ व २०२५ ह्या वर्षांत अमिबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळल्यामुळे हा धोका आपल्यापासून दूर नाही, हेही दिसून आले. नेतीचे भांडे प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे.

वाफ, उष्ण पेये आणि पुदिन्याचे फूल

वाफारा घेणे हा घरोघरी चालणारा उपाय आहे. त्याने घटकाभर बरे वाटते ह्यात शंका नाही; परंतु तो विषाणूंना मारत नाही आणि सर्दीचे दिवस कमी करतो असे निश्चितपणे दिसून आलेले नाही. त्यातील खरा धोका भाजण्याचा आहे. डोक्यावरून पांघरूण घेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकलेले मूल ते पातेले सहज अंगावर ओढून घेते. म्हणून मुलांना अशी वाफ देऊ नये. मोठ्यांनी घेतल्यास भांडे पक्क्या जागी ठेवावे व चेहरा फार जवळ नेऊ नये.

उष्ण पेयांचे महत्त्व आपल्याकडे सर्व प्रांतांत ओळखले आहे. महाराष्ट्रात आले-गवती चहाचा काढा, तमिळनाडूत मिऱ्याचे रसम, केरळात सुंठ घातलेली कॉफी, असे त्याचे रूप पालटते. १९७८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात गरम पाणी व गरम कोंबडीचे सूप प्याल्यावर नाकातील श्लेष्मा थोडा वेळ अधिक वेगाने सरकतो, असे आढळले. उपाय अल्पकाळचा असला तरी तो निरुपद्रवी आहे आणि त्यामुळे शरीरात पाणीही जाते.

पुदिन्याचे फूल, म्हणजे मेन्थॉल, ह्याची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. मलम छातीला चोळले किंवा हुंगले की नाक एकदम उघडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हवेची वाट मोजून पाहिली असता ती रुंदावलेली नसते. नाकात थंडावा ओळखणारे ग्राहक असतात. आत जाणाऱ्या गार हवेने ते चेतविले जातात आणि त्यावरूनच ‘श्वास मोकळा आहे’ हे मेंदूला कळते. मेन्थॉल त्याच ग्राहकांना चेतविते. हा ग्राहक २००२ मध्ये शोधून काढणाऱ्यांत डेव्हिड ज्यूलियस हे एक होते. उष्णता व स्पर्श ह्यांच्या ग्राहकांवरील कार्याबद्दल त्यांना व आर्डेम पाटापुटियन ह्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निजण्यापूर्वी एवढ्या आभासानेही झोप लागत असेल तर प्रौढांनी मेन्थॉल हुंगण्यास हरकत नाही. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ मात्र मेन्थॉल किंवा कापूर नेऊ नये. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात.

ह्याखेरीज उशाशी आणखी एक उशी घेऊन डोके उंच ठेवावे. खोलीत धूर, उदबत्ती, डासांची कांडी व तंबाखू ह्यांना मज्जाव करावा. सुजलेल्या अस्तराला धुरासारखा दुसरा शत्रू नाही.

थेंबांची बाटली

आता त्या लहान बाटलीकडे वळू. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ह्यांसारख्या औषधांचे थेंब नाकात टाकले की रक्ताच्या पोकळ्या आकसतात आणि काही मिनिटांत नाक खरोखरच मोकळे होते. येथे मेन्थॉलप्रमाणे आभास नसतो. म्हणूनच हे औषध मोहात पाडणारे आहे.

औषधाचा प्रभाव काही तासांनी ओसरतो आणि पोकळ्या पुन्हा भरतात. दोन-तीन रात्री वापरून थांबल्यास काही बिघडत नाही. पण दिवसांमागून दिवस वापर चालू राहिला, तर रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात, परिणामाचा काळ घटत जातो आणि प्रत्येक वेळी सूज पूर्वीहून अधिक वाढते. मनुष्याला वाटते की सर्दी हटत नाही, म्हणून तो आणखी थेंब टाकतो. सर्दी केव्हाच गेलेली असते. उरलेली चोंदणी औषधाने निर्माण केलेली असते. ह्या विकाराला औषधजन्य नासाशोथ असे म्हणतात. बाटली उशीखाली ठेवल्याशिवाय ज्यांना वर्षानुवर्षे झोप येत नाही, अशी माणसे नाक-कान-घशाच्या वैद्यांना नेहमी भेटतात. त्यांतील बहुतेकांची सुरुवात एका साध्या सर्दीपासून झालेली असते.

तेव्हा हे थेंब वापरावयाचेच तर तीन, फार तर पाच दिवस वापरावे, आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी वैद्यास विचारल्याविना ते घेऊ नयेत. सवय जडलीच असेल तर ती सुटू शकते. औषध बंद केल्यावर पहिले काही दिवस जड जातात. कित्येक वैद्य आधी एकाच नाकपुडीतील थेंब थांबवावयास सांगतात, म्हणजे दुसरीने श्वास घेता येतो. सोबत स्टेरॉइडयुक्त फवारा देऊन सूज उतरवितात. हे वैद्याच्या देखरेखीखाली करावे.

सर्दीच्या गोळ्यांविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. त्यांपैकी पुष्कळांत फिनिलेफ्रिन हे द्रव्य असते. ते तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करण्यास निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने काढला. त्याच वर्षी भारताच्या केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने क्लोरफेनिरामिन व फिनिलेफ्रिन ह्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश दिला.

तान्ही मुले

पहिल्या काही महिन्यांत मूल प्रायः नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की त्याला अंगावर पिता येत नाही. दोन घोट घेऊन ते स्तन सोडते व रडते. अशा वेळी पाजण्यापूर्वी निर्जंतुक खाऱ्या पाण्याचे दोन-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत सोडावे आणि सैल झालेला श्लेष्मा मऊ रबरी फुग्याने अलगद ओढून काढावा. बाळाच्या नाकात तेल सोडण्याची चाल काही घरांत आहे. ती सोडून द्यावी, कारण ते तेल फुप्फुसांत उतरून एक विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. मोठ्यांचे थेंब तान्ह्या मुलास कधीही देऊ नयेत. त्यांमुळे मूल गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावण्याचा धोका असतो.

वैद्याकडे केव्हा जावे

दहा दिवसांनंतरही काहीच उतार पडला नाही. बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा बळावले. किंवा तीव्र ताप, गालाच्या वा कपाळाच्या एका बाजूस ठणका व पुवासारखा स्राव हे एकत्र आढळले, तर जीवाणूंच्या संसर्गाची शंका घ्यावी. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर आत चिंचोका, मणी किंवा पेन्सिलीचा तुकडा अडकला आहे काय, हे पाहावे लागते. प्रौढाच्या एकाच बाजूने वारंवार रक्त येणे, वास येईनासा होणे किंवा चोंदणी बारा आठवड्यांपलीकडे जाणे ह्यांचीही तपासणी व्हावयास हवी.

डोळ्याभोवती सूज, दोन-दोन प्रतिमा दिसणे, मान ताठणे किंवा असह्य डोकेदुखी ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीच्या नाकात काळ्या खपल्या दिसल्या किंवा चेहऱ्याचा एक भाग बधिर झाला, तर क्षणाचाही विलंब लावू नये. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत म्युकरमायकोसिस ह्या बुरशीजन्य रोगाने देशभर हजारो रुग्णांना ग्रासले. त्यांतील पुष्कळांना मधुमेह होता आणि अनेकांची लक्षणे आरंभी चोंदलेल्या नाकासारखीच भासली होती.

अशी लक्षणे नसतील तर खारे पाणी, उंच उशी, उष्ण पेय आणि धुरापासून दूर राहणे एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मध्यंतरी ताटलीचा प्रयोग अधूनमधून करून पाहावा. चोंदणी असताना दोन्ही डाग लहान उमटतील किंवा एक मुळीच उमटणार नाही. काही दिवसांनी एका बाजूचा डाग मोठा होईल, मग दुसऱ्या बाजूचा, आणि ते पुन्हा पूर्वीप्रमाणे आळीपाळीने पालटू लागतील. तसे झाले म्हणजे सूज उतरली असे समजावे आणि बाटली घरात असल्यास ती टाकून द्यावी.